वर्गसमीकरण: अवयव पाडायचे, पूर्ण वर्ग करायचा की थेट सूत्र?

एक्सला मी क्षच लिहितो, शाळेपासूनची सवय आहे, चालवून घ्या.

भाचा दहावीत आहे आणि त्याचा ठरलेला प्रश्न, मामा तीन तीन पद्धती कशाला, एक सूत्र पाठ केलं की भागत नाही का? भागतं की. पण १२क्ष² + क्ष − ३५ = ० हे घ्या. अवयव पाडायचे तर १२ गुणिले ३५ म्हणजे ४२०, त्याचे असे दोन तुकडे हवेत की फरक १ यावा, मग पोरगं १०×४२, १४×३०, १५×२८ करत बसतं आणि २१×२० सापडेपर्यंत अर्धं पान भरतं. सूत्र म्हणजे क्ष = (−ब ± √(ब² − ४अक)) / २अ, यात अ आणि ब हे क्ष² आणि क्ष चे सहगुणक म्हणजे त्यांच्यापुढचे आकडे, क हा सुटा आकडा. सूत्रवाल्याला ब² − ४अक मध्ये १ + १६८० = १६८१ मिळतात, हा ४१ चा वर्ग हे आठवलं तर दोन ओळीत ५/३ आणि −७/४, नाही आठवलं तर तोही तिथेच अडकला.

मी तर आधी समासात पेन्सिलीने विवेचकच, म्हणजे हेच ब² − ४अक, काढतो. सहगुणक पूर्णांक असतील आणि विवेचक पूर्ण वर्ग आला तर अवयव पडणारच, शिवाय मधलं पद कसं फोडायचं तेही तोच सांगतो: १ + ४१ चे अर्धे २१, १ − ४१ चे अर्धे −२०, बस, शोधाशोध नाही. पूर्ण वर्ग नसेल तर अवयवांच्या नादी लागूच नका, सरळ सूत्र. ऋण आला तर वास्तव मुळंच नाहीत, आलेख क्ष-अक्षाला शिवतच नाही.

क्ष² − १५क्ष + ५४ सारख्यात ९ आणि ६ बघताक्षणी दिसतात, तिथे सूत्र म्हणजे द्राविडी प्राणायाम. आणि सूत्रात मार्क जातात ते चिन्हात: ब −१५ असेल तर −ब म्हणजे +१५, हे माहीत असून घाईत चुकतं. दुसरं म्हणजे २अ ने फक्त वर्गमुळाला भागून मोकळं होणं, भागायचं असतं अख्ख्या अंशाला.

राहिली पूर्ण वर्ग पद्धत, जी अपूर्णांकांमुळे कोणालाच आवडत नाही. ३क्ष² + ५क्ष − १ = ० ला ३ ने भागा, ५/३ चं अर्धं ५/६, त्याचा वर्ग २५/३६, डोकं उठतं. त्यापेक्षा जुने भारतीय गणिती श्रीधराचार्य यांची युक्ती बघा, भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ या ग्रंथात त्यांच्या नावानिशी दिलीय: आधी ४अ ने म्हणजे इथे १२ ने गुणा. ३६क्ष² + ६०क्ष = १२, दोन्हीकडे ब² म्हणजे २५ मिळवा, (६क्ष + ५)² = ३७. एकही अपूर्णांक नाही, आणि हेच अक्षरांनी केलं की तुमचं पाठ केलेलं सूत्र निघतं. एरवी ही पद्धत मी दोनदाच वापरेन, प्रश्नातच तसं सांगितलं असेल तेव्हा, नाहीतर आलेखाचं टोक हवं असेल तेव्हा: क्ष² + १०क्ष + २ म्हणजे (क्ष + ५)² − २३, म्हणजे सगळ्यात कमी किंमत −२३, क्ष −५ असताना.

आणि ३क्ष² = १२क्ष असं आलं तर यातलं काहीच नको, सगळं एका बाजूला घेऊन ३क्ष कॉमन काढा. भाच्याने परवा दोन्ही बाजूंना क्ष ने भागून नुसतं ४ उत्तर लिहिलं. म्हटलं, अरे दुसरं मूळ ० होतं ते कुठे गेलं? म्हणे, कट झालं.