डब्यातली काळी बिअर आणि ऐंशी लिटर पाणी

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या गच्चीवर, वाळूजच्या एका बिअर कारखान्यात माझ्याबरोबर काम केलेले तीन जुने सहकारी आणि मी, अशा चौघांनी मिळून अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या संपवल्या. त्या बाटल्यांतील काळी, दाट स्टाउट मी इंग्लंडमध्ये लीड्स येथे मुलीच्या घरी, डब्यातल्या किटपासून स्वतः तयार केली होती. विमानाच्या प्रवाशाला दोन लिटर मद्य करमुक्त आणता येते, म्हणून बरोबर चारच बाटल्या सामानात घातल्या होत्या. ज्याने बावीस वर्षे कारखान्याच्या प्रयोगशाळेत बिअरचे नमुने तपासले, त्याने घरगुती किटचा अभिप्राय द्यावा, असा आग्रह या तिघांनीच धरला आणि त्यातून हे लेखन झाले. कंपनीचे नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या या प्रकारच्या बहुतेक किटना थोड्याफार फरकाने लागू पडतील.

आधी कायद्याचा मुद्दा सांगणे आवश्यक आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय कोणतेही मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि बिअर त्याला अपवाद नाही, त्यामुळे हे किट मागवून येथे घरात वापरण्याचा विचार वाचकांनी करू नये. इंग्लंडमध्ये १८८० पासून घरी बिअर करणाऱ्याला परवाना काढावा लागे. १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली आणि त्यानंतर तेथे घरगुती किटचा धंदा फोफावला. ज्यांची मुले-सुना परदेशी आहेत आणि ज्यांना तेथे पाच-सहा महिने हिवाळ्यात खिडकीबाहेर पाहत बसावे लागते, अशा आमच्या वयाच्या गृहस्थांसाठी हा अभिप्राय आहे.

किट म्हणजे प्रत्यक्षात एक पत्र्याचा डबा. त्यात १.७ किलो घट्ट अर्क, प्लास्टिकच्या झाकणाखाली यीस्टचे सहा ग्रॅमचे पाकीट आणि एक घडी घातलेले माहितीपत्रक असते. सातूला मोड आणून, ते वाळवून (यालाच माल्ट म्हणतात), भरडून, साधारण ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवले की दाण्यातील पिठाची साखर होते. त्या गोड पाण्यात हॉप्स, म्हणजे एका वेलीची कडू फुले, उकळून त्यांचा कडवटपणा उतरवतात. हे पाणी आटवून काकवीइतके घट्ट केले की डब्यातला माल तयार होतो. स्टाउटसाठी यात काळपट होईपर्यंत भाजलेल्या सातूचा अंश असतो आणि रंग, कॉफीसारखा वास आणि जिभेच्या मुळाशी रेंगाळणारा कोरडा कडवटपणा हे सारे त्या भाजण्यातून येते. आमच्या कारखान्यात जे काम तिन्ही पाळ्यांत चालत असे, ते या डब्यात आधीच उरकलेले असते. घरी करायचे उरते ते पाणी घालणे, विरजण लावणे आणि थांबणे. खोक्यावर मात्र या तिघांपैकी पहिल्याच गोष्टीचे चित्र आहे.

भांड्यांचा संच वेगळा घ्यावा लागतो. तीस लिटरची नळ असलेली प्लास्टिकची बादली, झाकणावर बसणारा एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न येऊ देणारी नळी), घनता मोजणारा हायड्रोमीटर, बाटल्या भरण्याची नळी आणि अर्ध्या लिटरच्या चाळीस तपकिरी प्लास्टिक बाटल्या, असे सर्व आम्हाला ४५ पौंडांत मिळाले आणि डबा १५ पौंडांना पडला. संचाबद्दल तक्रार एकच आहे. बादलीचा नळ आतून घट्ट बसवण्याची रबरी चकती उलटी लावलेली आली होती आणि पहिली दोन लिटर पाण्याची चाचणी घेतली नसती, तर २३ लिटर स्टाउट मुलीच्या गालिच्यावर गेली असती.

पहिल्या खेपेला मी मुद्दाम पत्रकातील प्रत्येक सूचना जशीच्या तशी पाळली. डबा गरम पाण्यात बुडवून ठेवला, अर्क सैल झाल्यावर बादलीत ओतला, साडेतीन लिटर उकळते पाणी आणि एक किलो साधी साखर घालून ढवळले आणि थंड पाण्याने २३ लिटरची खूण गाठली. अर्कावर उकळते पाणी पडताच जो वास उठला, तो स्वयंपाकघरातून जिन्यापर्यंत गेला आणि मुलगी वरूनच म्हणाली, "बाबा, शाळेत असताना तुमच्या शर्टाला यायचा तो वास आला!" वाळूजच्या रस्त्याने पहाटे गेलेल्या कोणालाही तो ओळखता येईल.

या बिअरची सुरुवातीची घनता १.०३९ भरली, म्हणजे पाणी १.००० धरले तर त्याहून तेवढी जड. किण्वन, म्हणजे यीस्टने साखरेचे मद्य करण्याचे काम, संपले तेव्हा ती १.००८ वर आली होती. या दोन आकड्यांतून मद्यांश ४ टक्क्यांच्या आसपास निघतो आणि आकड्यांपुरते सर्व ठीक होते. पाच आठवड्यांनी बाटली उघडली तेव्हा रंग स्टाउटचा आणि अंग सरबताचे, अशी स्थिती होती. कारण साधे आहे. साधी साखर यीस्ट पूर्णपणे खाऊन टाकते आणि मागे काहीच ठेवत नाही. माल्टमधील साखरेचा काही भाग मात्र त्याला पचत नाही आणि जिभेला जाणवणारा दाटपणा त्या उरलेल्या भागातून येतो. पत्रकाने साखर सुचवली आहे, कारण ती प्रत्येकाच्या घरात असते आणि त्यामुळे डबा स्वस्त वाटतो. माझ्या मते या किटमधील सर्वांत मोठा दोष डब्यात नसून या एका ओळीत आहे.

दुसऱ्या खेपेला, नोव्हेंबरच्या मध्यावर, त्याच कंपनीचा तोच डबा घेतला, पण साखरेऐवजी एक किलो माल्टची कोरडी भुकटी आणि ३०० ग्रॅम ग्लुकोज घातले. सुरुवातीची घनता १.०४४ आणि शेवटची १.०१३ आली. मद्यांश जवळजवळ पहिल्या खेपेइतकाच राहिला, परंतु पेल्यात पडणारी वस्तू वेगळीच होती. भुकटी, ग्लुकोज आणि चांगले यीस्ट यांचा जादा खर्च १४ पौंड झाला. चाळीस बाटल्यांवर विभागला तर डब्यासह बाटलीमागे ७२ पेन्स पडतात. तेथील दुकानात बरी स्टाउट यापेक्षा बरीच महाग मिळते. भांडी आणि आपली मेहनत यांचा हिशोब मात्र यात धरलेला नाही.

यीस्टविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या नोकरीतील निम्मा काळ त्याच्यामागे गेला. झाकणाखालील पाकिटावर यीस्ट कोणत्या जातीचे आहे याचा उल्लेख नव्हता. डबा दुकानाच्या फळीवर वर्षभर राहिलेला असेल, तर त्याच्याबरोबर यीस्टही वर्षभर उष्ण-थंड सोसत राहिलेले असते. पहिल्या खेपेला बादलीवर फेस यायला ३० तास लागले. घरचे दही लागले नाही की आपण दुधाला दोष देत नाही, विरजण पाहतो. येथेही तेच करावे. दुसऱ्या वेळी सेफेल एस-०४ नावाचे ११.५ ग्रॅमचे पाकीट वापरले आणि रात्री घातलेल्या यीस्टचा पांढरट-तपकिरी फेस सकाळी चार बोटे वर आलेला दिसला.

तापमानाच्या बाबतीत पत्रक २७ अंशांपर्यंत चालेल असे सांगते. चालते, हे खरे. बिअर लवकर होते हेही खरे. पण उष्ण बादलीतल्या बिअरला अतिपिकलेल्या केळ्याचा आणि पुढे रंगाच्या दुकानातला वास येतो. या जातीच्या यीस्टला १८ ते २० अंश मानवतात. लीड्सला आमची अडचण उलटी होती. रात्री घराची हीटिंग बंद झाली की बादली १५ अंशांवर येई आणि सहाव्या दिवशी घनता १.०१८ वर अडून बसली. सौभाग्यवतींनी नातवासाठी नेलेली जुन्या लुगड्यांची गोधडी मी दोन रात्री बादलीभोवती गुंडाळली, तापमान १९ वर स्थिरावले आणि घनता पुन्हा उतरू लागली. गोधडीला लागलेल्या वासावरून घरात जो खटका उडाला, त्याचा तपशील येथे अप्रस्तुत आहे.

याच ठिकाणी पत्रकातील दुसरी धोकादायक ओळ येते: "सहा दिवसांनी बाटल्या भरा." मी ते ऐकले असते, तर अर्धवट किण्वन झालेली बिअर बाटलीत बंद झाली असती, उरलेल्या साखरेचा वायू तिथेच तयार झाला असता आणि बाटल्या काचेच्या असत्या तर फुटल्या असत्या. दिवस मोजू नयेत. सलग दोन-तीन दिवस हायड्रोमीटर एकाच आकड्यावर थांबला तरच बाटली हातात घ्यावी. बाटलीत घालायची साखरही पत्रकाने अर्ध्या लिटरला एक चमचा सांगितली आहे. स्टाउटला अर्धा चमचा पुरतो.

स्वच्छतेवर पत्रकात दोन ओळी आहेत आणि कामाचा निम्म्याहून अधिक वेळ तिच्यात जातो. लोणच्याची बरणी ज्या धाकाने धुतली आणि उन्हात वाळवली जाते, त्याच धाकाने बादली, नळ, नळी, चमचा आणि चाळीस बाटल्या धुवाव्या लागतात. नळ तर सुटा करून आतून धुवावा लागतो. मराठवाड्यातील माणूस परदेशी गेला तरी बादल्या मोजणे सोडत नाही. मी मोजले, तेव्हा २३ लिटर बिअरमागे धुण्या-विसळण्याला ८० लिटरच्या वर पाणी गेले. लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले त्या २०१६ च्या उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांचे पाणी आधी ५० आणि पुढे ६० टक्क्यांनी कापण्याचा आदेश दिला होता. त्या दिवसांत आम्ही प्रयोगशाळेत काचेची भांडी विसळतानाही नळाकडे चोरट्यासारखे पाहत असू. लीड्सच्या मोरीत वाहणारे पाणी पाहून तीच भावना झाली.

पाण्यावरून आणखी एक गोष्ट. काळ्या बिअरला जड, म्हणजे क्षारयुक्त, पाणी लागते, असे आमच्यातील एकाने गच्चीवर ठासून सांगितले आणि आपल्या बोअरच्या पाण्याची तारीफ केली. दाणे भिजवून सुरुवात करायची असेल, तर त्याचे म्हणणे बरोबर आहे, कारण भाजलेले सातू आंबट असते आणि पाण्यातील बायकार्बोनेट तो आंबटपणा सावरते. किटमध्ये ते काम कारखान्यातच झालेले असल्यामुळे पाण्याच्या जडपणाला फारसे महत्त्व उरत नाही. महत्त्व आहे ते क्लोरीनला. क्लोरीन राहिलेल्या पाण्यातून बिअरला दवाखान्यासारखा वास येतो. त्यासाठी मी आदल्या दिवशी पाण्यात पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची अर्धी गोळी विरघळवली.

आता चव. दुसऱ्या खेपेची बाटली तीन आठवड्यांनी उघडली तेव्हा कडवटपणा आणि गोडवा एकमेकांकडे पाठ करून बसले होते. दहाव्या आठवड्यात दोघांचे जमले. पहिल्या घोटात करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्याचा वास, मग न गोड केलेली कॉफी, शेवटी थोडी काकवी. ही काकवीची छटा डब्यातील अर्काची आहे. डबा जितका जुना तितकी ती ठळक, त्यामुळे विकत घेताना तळाशी छापलेली तारीख अवश्य पाहावी. फेस उमदा येतो, पण मिनिटभरात बसतो. पबमधील स्टाउटवर सायीसारखा थर टिकतो तो नायट्रोजनमुळे; बाटलीत साखर घालून तयार झालेला वायू कार्बन डायऑक्साइड असतो आणि त्याचे बुडबुडे मोठे असतात. किटकडून तशा सायीची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल, मात्र खोक्यावरील चित्रात ती साय ठसठशीत छापली आहे.

गच्चीवरच्या मंडळींत मतभेद झाले. पॅकेजिंग विभागातल्या मित्राने एक घोट घेऊन, "लईच करपलंय की हे," असा निकाल दिला आणि नंतर दुसरा पेला भरून घेतला. उरलेल्या दोघांनी दहापैकी सात गुण दिले. मीही दुसऱ्या खेपेला सात आणि पहिल्या खेपेला चार देतो. पत्रकासाठी गुण वेगळे असते, तर ते दोनच्या पुढे गेले नसते.

चौथी बाटली उन्हाळ्यात कशी टिकते ते पाहावे, म्हणून मी स्वयंपाकघरातील वरच्या कपाटात ठेवली होती. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, बाहेर ४१ अंश असताना, ती हातात घेतली तेव्हा प्लास्टिक दगडासारखे टणक झाले होते आणि बुड फुगल्यामुळे बाटली ओट्यावर उभी राहीना. दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवून, न्हाणीघरात नेऊन, झाकण पाव फेरा सैल केले. तरीही अर्धी स्टाउट फरशीवर गेली. उरलेली गाळून चाखली, तर तिला त्या अतिपिकलेल्या केळ्यांचाच वास होता.