सेनांकचा मठ: फुलं बघायला गेलो, छत बघत बसलो

चाळीस वर्षं बांधकाम खात्यात काढलेल्या माणसाला फुलं बघायला नेऊ नये, असं आमची ही म्हणते. लेकीने हौसेने दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या सहलीत बसवून दिलं. जुलैचा पहिला आठवडा, लव्हेंडर ऐन बहरात. सहलवाल्यांनी मठाला दिला पाऊण तास, तो सगळा जांभळ्या ओळींसमोर फोटो काढण्यात गेला. आत पाऊलसुद्धा नाही! दुसऱ्या दिवशी जवळच्या गोर्द गावाहून टॅक्सी केली आणि दोघंच परत आलो.

1148 मध्ये सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी हा मठ वसवला. चर्चची वेदी पूर्वेला ठेवायचा प्रघात, पण दरी इतकी अरुंद की त्यांनी अख्खं चर्चच उत्तरेकडे फिरवलं. साइटवर जागा नसली की नकाशा फिरवायचा, हे शहाणपण एकट्या आमच्या खात्याचं नव्हतं तर!

मी रमलो ते साधूंच्या निजायच्या दालनात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग दगडी कमानीचं छत. मूर्ती नाही, रंग नाही. या पंथाला नटवलेलं चालतच नसे. नक्षी म्हणाल तर ओवरीच्या खांबांवर पानंफुलं, बस्स. कोणी बघत नाही असं पाहून मी भिंतीच्या दरजेला एटीएम कार्डाची कड लावून पाहिली. जेमतेम टेकली. आमच्या कंत्राटदारांना इथे आणायला हवं होतं.

साधू अंगावरच्या कपड्यांनिशी झोपत आणि रात्रीच्या प्रार्थनेला जिन्याने थेट चर्चमध्ये उतरत. शेकोटी होती ती खालच्या एकाच खोलीत. पोथ्या लिहिणारे तिथेच बसत, नाहीतर थंडीत बोटं वळणार कशी? दोनपैकी एक चूल अजून शाबूत आहे.

वास्तूने सोसलंही बरंच. 1544 मध्ये धर्मयुद्धाच्या धुमश्चक्रीत साधूंना फाशी दिलं, फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मठ विकला गेला. 2018 मध्ये चर्चच्या बांधकामाला धोका असल्याचं लक्षात आलं आणि दुरुस्तीसाठी लोकांकडे मदत मागावी लागली. 1988 पासून इथे पुन्हा साधू राहतात, त्यामुळे आत आवाज करायचा नाही. अंगभर कपडे घालून जा.

बाहेरच्या दुकानात साधूंचा मध आणि लव्हेंडरच्या पुरचुंड्या मिळतात. हिने एक पुरचुंडी हुंगली आणि म्हणाली, ‘‘अहो, हा तर कापूर!’’ तिचं नाक चुकलं नव्हतं. शेतात आहे ते लव्हँडिन, म्हणजे दोन जातींचा संकर. तेल जास्त देतं, पण बी धरत नाही, फांद्या लावूनच वाढवावं लागतं. वासात कापराची झाक असते.

तरी तिने सहा घेतल्या. आता नाशिकला साड्यांचं कपाट उघडलं की देवघरात आल्यासारखं वाटतं.