‘बारमाही’ टर्फ : छप्पर चांगले, पश्चिमेची बाजू चुकलेली

पुण्याच्या पश्चिम भागातील एका छप्पर असलेल्या बॉक्स क्रिकेट टर्फवर आमचा बारा जणांचा, पन्नाशीच्या आसपासचा गट या वर्षी जानेवारी, एप्रिल आणि जुलै अशा तीन महिन्यांत खेळला. दारावरच्या फलकावर ‘बारमाही मैदान’ असे ठळक लिहिलेले आहे आणि तासाला 1,400 रुपये हा शेजारच्या उघड्या टर्फपेक्षा चढा दर त्या एका शब्दासाठीच घेतला जातो, म्हणून हा अभिप्रायही मुख्यतः त्या शब्दाविषयी आहे. कारखान्यांच्या शेडमधील वायुवीजन हा माझा व्यवसाय असल्यामुळे चेंडूपेक्षा माझे लक्ष छपराकडे अधिक होते. माझ्या धावसंख्येचे तेवढेच समर्थन करता येईल.

जानेवारीविषयी लिहिण्यासारखे काही नाही, कारण जानेवारीत पुण्यात कुठेही खेळावे.

जुलैमध्ये मात्र पैसे वसूल झाले. बाहेर मुसळधार पाऊस असताना आत चेंडू कोरडा राहिला, पन्हळी भरून वाहिल्या नाहीत आणि पश्चिमेकडची झड अडवण्यासाठी त्या बाजूला वरपासून खालपर्यंत ताणलेल्या जाड ताडपत्रीने आपले काम केले. पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजात जोडीदाराची हाक ऐकू न आल्याने दोघे धावबाद झाले, परंतु ती तक्रार कोणत्याही पत्र्याच्या छपराबद्दल करता येईल.

खरी परीक्षा एप्रिलमधल्या दुपारी चारच्या खेळाची होती. बाहेर पारा 39 अंशांवर होता आणि सावलीत शिरताच बरे वाटेल ही अपेक्षा पाच मिनिटांत संपली. कामासाठी जवळ असलेल्या तापमापक गनने छपराची आतली बाजू तपासली, तेव्हा ती 56 अंश दाखवत होती. पत्र्याच्या खोलीत मे महिना काढलेल्या कोणालाही याचे नवल वाटणार नाही, कारण तापलेला पत्रा ऊन अडवतो खरे, पण स्वतःच शेगडीसारखी उष्णता खाली फेकत राहतो. त्याखाली उष्णतारोधक थर नाही. गरम हवा वर चढून माथ्याशी साठते आणि तिला बाहेर पडायला वाट नाही. भोसरीच्या कुठल्याही जुन्या शेडवर वाऱ्याने गिरक्या घेणारे गोल टर्बो व्हेंटिलेटर दिसतात. विजेचा एक पैसाही न खाणारे ते साधन इथे एकही नाही. व्यवस्थापकांनी सौजन्याने टर्फवर पाणी मारून दिले, पण कृत्रिम गवत मातीसारखे पाणी धरून ठेवत नसल्याने गारवा थोड्याच वेळात ओसरला आणि कोंडलेल्या हवेत दमटपणा तेवढा वाढला. घाम वाळेनासा झाला की माणूस दमतो, आणि आमच्या वयात लवकर दमतो.

उजेडासाठी छपरात अधूनमधून पारदर्शक पत्रे बसवले आहेत. उंच उडालेला चेंडू त्या झगमगाटात दिसेनासा होतो. या चुकीला मोठी परंपरा आहे. ह्यूस्टनचे ॲस्ट्रोडोम हे बंद घुमटाचे मैदान 1965 मध्ये सुरू झाले, तेव्हा घुमटाच्या पारदर्शक तावदानांमुळे क्षेत्ररक्षकांना चेंडू दिसेना, म्हणून तावदाने रंगवली गेली, मग उजेडाअभावी खालचे गवत मेले आणि 1966 मध्ये तिथे कृत्रिम गवत अंथरावे लागले. आज आपण ज्याला सरसकट टर्फ म्हणतो, त्याच्या प्रसिद्धीची सुरुवात अशी छपराच्या दुरुस्तीतून झाली आहे.

एवढ्याशा टर्फकडून वातानुकूलनाची अपेक्षा नाही. कतारने 2022 च्या विश्वचषकासाठी आसनांखालून आणि मैदानाच्या कडेने थंड हवा सोडणारी स्टेडियम बांधली, तरी स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच घेतली गेली. शिवाय जहाजांवरच्या कंटेनरांचा वापर करून उभारलेले तिथले ‘974’ हे स्टेडियम तर नैसर्गिक वायुवीजनावरच चालले. उष्ण प्रदेशात सर्वात स्वस्त यंत्र वाराच असतो, आणि पुण्याला उन्हाळ्याच्या संध्याकाळी तो पश्चिमेकडून मिळतो.

इथेच या जागेची मुख्य चूक आहे. जुलैची झड ज्या बाजूने येते, त्याच बाजूने एप्रिलची झुळूक येते. म्हणून ती बाजू ऋतूप्रमाणे उघडता-मिटता यायला हवी. कोकणात पावसाळ्याआधी पडवीला झावळ्यांचे झाप बांधतात आणि पाऊस सरला की सोडतात, इतकी ही जुनी समज आहे. इथली ताडपत्री मात्र लोखंडी पट्ट्यांनी कायमची ठोकलेली असल्यामुळे एप्रिलमध्येही तशीच होती. सूर्य मावळल्यावर पत्रा लवकर निवतो आणि साडेसातनंतरचा खेळ सुसह्य होतो, तरीही वारा नाही तो नाहीच. मार्च ते मे या काळात साडेसातच्या आधीची वेळ आरक्षित करू नये, असेच मी सुचवेन.

जुलैच्या खेळानंतर हे सर्व व्यवस्थापकांपुढे मांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की सुरुवातीला ती बाजू उघडीच होती, पण प्लॉटची लांबी पूर्व-पश्चिम असल्याने खेळपट्टीही तशीच आखावी लागली आणि संध्याकाळी फलंदाजाच्या थेट डोळ्यांत ऊन येऊ लागले. क्रिकेटची खेळपट्टी दक्षिणोत्तर का ठेवतात, याचे उत्तर त्यांना पहिल्याच आठवड्यात मिळाले होते. हे मात्र माझ्या लक्षातच आले नव्हते. मग आम्ही दोघे बराच वेळ त्या ताडपत्रीसमोर उभे राहिलो. तळेगावकडचे फूलउत्पादक वापरतात तसली हिरवी शेडनेट उन्हाळ्यात लावली, तर ऊन बरेचसे गाळले जाईल आणि वाराही काही प्रमाणात आत येईल. जूनमध्ये तिच्यावरून गुंडाळता येणारी ताडपत्री सोडता येईल. पट्ट्या कापून हुक बसवायला किती खर्च येईल, हे फॅब्रिकेटरला विचारतो, असे ते म्हणाले.