काटा बदलला, एक्सल तसाच राहिला

अमेरिकेत जुनी शेव्हरले पिकअप पाळायचं वेड आपल्या मराठी मंडळींनाही लागलंय. त्यांतल्या कुणाची गाडी एक्सलच्या कामाला जाणार असेल, तर आधी हे वाचा.

माझी गाडी 1951ची शेव्हरले 3100. हिच्या मागच्या एक्सलचा रेशो 4.11, म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्ट (गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंत जाणारा फिरता दांडा) चारपेक्षा जरा जास्त वेळा फिरतो. ओझं ओढायला झकास, पण हायवेवर ताशी 55 मैलांना इंजिन 2700 आरपीएमच्या घरात बोंबलत असतं. त्यातून 216 घनइंची जुनं इंजिन, बॅबिट या मऊ मिश्रधातूच्या बेअरिंगचं. त्याला तासन् तास असं पळवणं म्हणजे त्याच्या जिवावरच उठणं. म्हणून बरेच जण 3.55चं क्राउन-पिनियन, म्हणजे एक्सलमधली रेशो ठरवणारी गिअरची जोडी, टाकून घेतात; तेवढ्याच वेगाला इंजिन कमी फिरतं. मी ते काम ओहायोतल्या एका गॅरेजला दिलं.

या गाडीत स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला लागते. तिला फक्त शाफ्टचे फेरे कळतात, पुढे एक्सलमध्ये काय आहे याचा तिला पत्ता नसतो. त्यामुळे 3.55 बसवल्यावर गाडी 58ने पळते आणि काटा 50च दाखवतो. उपाय म्हणून केबलच्या तोंडाशी गिअरची छोटी डबी लावतात. 4.11 भागिले 3.55, साधारण 1.16. डबी केबलला तेवढं जास्त फिरवते.

गाडी न्यायला गेलो तेव्हा गॅरेजवाल्याने खाली वाकून आधी ती डबीच दाखवली. नवी, चकचकीत. “रेशो बदलला म्हणूनच ही लावावी लागली,” म्हणाला. चालवून पाहिली. पूर्वी 50ला यायचा तेवढ्याच आवाजात आता काटा 58वर! पुढे पेट्रोलचा हिशोब केला, तर मायलेजही वाढलेलं. आणखी काय पाहिजे?

एक्सल त्याने उघडलाच नव्हता. बसवली होती ती फक्त डबी. काटा आणि ओडोमीटर एकाच केबलवर चालतात, त्यामुळे वेग वाढल्यासारखा दिसला आणि मैलही फुगले. मायलेज वाढलं ते असं, कागदावर. ही लबाडी खपते याला या गाड्यांची बांधणीही कारण आहे. 1955च्या मध्यात नवं मॉडेल येईपर्यंत शाफ्ट टॉर्क ट्यूब नावाच्या नळीच्या आत बंद असायचा. खाली झोपून फेरे मोजायची सोयच नाही.

संशय आला तो आय-71 हायवेवर. काटा 60वर, तरी मागे गाड्यांची रांग आणि हॉर्न. शेजारी बसलेल्या बायकोने फोनवर वेळ लावली. 60च्या वेगाला एका माइल मार्करपासून (मैलाच्या पाटीपासून) दुसऱ्यापर्यंत 60 सेकंद लागायला हवेत. आम्हाला सत्तरच्या आसपास लागत होते. गॅरेजवाला म्हणाला, टायरचा फरक असेल. टायर तेच होते, कामाआधी काटा बरोबर दाखवत होता, आणि एवढा फरक पडायला 28 इंचांचं चाक 24 इंचांचं व्हावं लागेल. त्यावर तो “बघतो” म्हणाला. पुढे फोन उचलणं बंद.

दुसऱ्या मेकॅनिकने छडा लावला. प्लग काढले, टॉप गिअर टाकला (त्यात इंजिन आणि शाफ्ट सारखेच फिरतात), पुढच्या चाकांना आणि मागच्या एका चाकाला अडण लावून दुसरं जॅकवर घेतलं. त्यावर खडूने खूण करून ते हाताने दोन पूर्ण फेरे फिरवलं. एकच चाक फिरतं तेव्हा डिफरेन्शियलमुळे (दोन चाकांना कमीजास्त फिरू देणाऱ्या गिअरमुळे) दोन फेरे धरावे लागतात. इंजिनाच्या क्रँकची पुली चार फेरे घेऊन वर थोडी सरकली. 3.55 असतं तर साडेतीनवर थांबली असती. मग मागचं कव्हर उघडलं. आत जुनंच काळं तेल आणि 37 दातांचा जुना क्राउन. 9 दातांच्या पिनियनवर तो 4.11च देतो.

क्राउन-पिनियन बदलायचं तर टॉर्क ट्यूबसकट अख्खा एक्सल गाडीखालून काढावा लागतो. तो खाली उतरवलेला असताना जाऊन बघा, नाहीतर दात मोजता येतील असा फोटो मागा. जुने गिअर परत हवेत हे एस्टिमेटवरच लिहून घ्या, आणि माइल मार्करची वेळ कामाआधी एकदा, नंतर एकदा लावा. पैसे कार्डावर द्या. मला कार्डावर दिलेले पैसे बँकेकडे तक्रार केल्यावर परत मिळाले, दुसऱ्या मेकॅनिकने लिहून दिलेल्या कागदाच्या जोरावर. ॲडव्हान्स म्हणून रोख दिले होते ते बुडाले.