बेदनी बुग्यालच्या नावाने विकलेला मुक्काम

दिवाळीच्या सुट्टीत हिमालयात घोड्यावरून रपेट आणि रात्री बर्फाच्या शिखरांसमोरच्या कुरणावर तंबूत मुक्काम, अशा आशयाच्या मराठी जाहिराती अलीकडे बऱ्याच दिसतात. अशाच एका जाहिरातीवर विसंबून आमच्या दोन कुटुंबांनी गेल्या दिवाळीत उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात बेदनी बुग्यालची सहल केली. या सहलीत जे विकले गेले ते विकण्याचा अधिकार मुळात कोणालाच नव्हता, आणि हे आम्हाला कळले तेव्हा पूर्ण रक्कम देऊन झाली होती. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे आयोजकाचे नाव येथे लिहीत नाही. पद्धत मात्र सविस्तर लिहितो, कारण नाव बदलून तीच पुन्हा वापरली जात आहे.

बुग्याल म्हणजे गढवालात झाडांची हद्द संपल्यावर लागणारी उंचावरची गवताळ कुरणे. बेदनी आणि तिला लागून असलेले आली ही त्यांतली विशेष नावाजलेली. बेदनी सुमारे ११ हजार फुटांवर असून तेथून त्रिशूल आणि नंदाघुंटी ही शिखरे समोर दिसतात. नंदादेवीची राजजात ही यात्रा याच वाटेने जाते आणि रूपकुंडाची वाटही येथूनच वर चढते. पर्यटकांची गर्दी, तंबू आणि कचरा यांनी या कुरणांची दुर्दशा होऊ लागली तेव्हा तिथल्याच बुग्याल संरक्षण समितीने उत्तराखंड उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि २१ ऑगस्ट २०१८ रोजी न्यायालयाने राज्यातील सर्व बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामास मनाई केली, तसेच तेथे जाणाऱ्या पर्यटकांची संख्या २०० च्या आत ठेवण्याचा आदेश दिला. तेव्हापासून बेदनीला जाणारे लोक खालच्या जंगलात, बहुधा गैरोली पाताल येथे, तंबू टाकतात, पहाटे निघून कुरणावर जातात आणि दिवस मावळायच्या आत खाली येतात. त्या भागात व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते. आमच्या आयोजकालाही ठाऊक होते, हे पुढे त्याच्याच कागदांवरून दिसले.

जाहिरातीत प्रत्येकी एक प्रशिक्षित घोडा, सोबत घोडेस्वारीचा प्रशिक्षक, ‘थेट बेदनीच्या कुरणावर’ दोन रात्री तंबूत मुक्काम, वन विभागाचा परवाना, विमा आणि घोड्यांचे दाणापाणी असे सर्व धरून, काठगोदामपासून काठगोदामपर्यंत, माणशी २१ हजार रुपये सांगितले होते. सोबतच्या छायाचित्रात हिरव्या माळावर उंच, लांब पायांचे घोडे आणि त्यांच्यामागे पांढरे गोल तंबू होते. गढवालातले तट्टू बुटके, आखूड पायांचे आणि रुंद छातीचे असते. त्याची पाठ साधारण उंचीच्या माणसाच्या छातीच्या वर क्वचितच जाते. ते गोल तंबू तर मध्य आशियातल्या पशुपालकांचे, म्हणजे छायाचित्र हिमालयाच्या पलीकडल्या कुठल्यातरी देशातले होते. ज्यांना घोड्यांतले थोडेफार कळते त्यांनी अशी छायाचित्रे अवश्य नीट पाहावीत, कारण शब्दांची जुळवाजुळव सहज करता येते, पण त्या वाटेवरच्या तट्टांचे खरे छायाचित्र मिळवायचे तर तिथे निदान एकदा जाऊन यावे लागते.

आयोजक पुण्यातला, बोलायला अत्यंत अदबशीर. ‘ताई, तुम्ही फक्त बॅगा भरा, बाकी सगळं माझ्यावर सोडा,’ असे तो माझ्या पत्नीला प्रत्येक फोनमध्ये सांगत असे. परमुलखात आपल्या भाषेत बोलणारा माणूस सोबत असेल, ही मराठी पर्यटकाच्या दृष्टीने मोठी सोय असते, आणि या धंद्यातले लोक तिचे मोल नेमके ओळखून असतात. निम्मी रक्कम व्यवसायाच्या नावाच्या खात्यात घेऊन रीतसर पावती देण्यात आली. उरलेली निम्मी मात्र, कर वाचेल असे कारण सांगून, एका व्यक्तीच्या मोबाइल क्रमांकावर मागवली गेली. निघण्याच्या तोंडावर ‘घोड्यांची अनामत’ म्हणून माणशी आणखी दोन हजार रुपये मागितले, तेही परत मिळणार या बोलीवर. त्याच संध्याकाळी वन विभागाच्या परवान्याची प्रत मोबाइलवर आली. विम्याचा क्रमांक विचारला तेव्हा ‘ग्रुप पॉलिसी आहे’ एवढेच उत्तर मिळाले आणि तो विषय तेथेच राहिला.

लोहाजंगहून पुढे वाण हे या वाटेवरचे शेवटचे गाव. गावाच्या वरच्या अंगाला लाटू देवतेचे देऊळ आहे, ज्याचे दार वर्षातून एकदाच उघडते आणि त्या वेळी पुजारीही डोळ्यांवर पट्टी बांधून आत जातो. वाणला वन कर्मचाऱ्यांनी आमची ओळखपत्रे मागितली आणि मोबाइलवरची परवान्याची प्रत मोठी करून पाहिली. प्रतीवरची तारीख मे महिन्यातली होती, माणसांची संख्या १४ होती, आणि आमची नावे उरलेल्या मजकुरापेक्षा वेगळ्या, किंचित जाड अक्षरांत बसवलेली होती. एका नावाची वेलांटी तर मागच्या रेघेवर चढली होती. दुसऱ्याच एखाद्या गटाच्या जुन्या परवान्यावर आमची नावे चिकटवून ती आम्हाला पाठवण्यात आली होती. कर्मचाऱ्यांनी शांतपणे सांगितले की बेदनीवर रात्री कोणालाही राहता येत नाही, मुक्काम गैरोली पातालला करावा लागेल, आणि त्यासाठीचे शुल्क येथे नव्याने भरावे लागेल. आम्ही ते भरले आणि आमच्या नावाची खरी पावती घेतली. तो बनावट परवाना आणि ही पावती पुढे तक्रारीत शेजारी शेजारी लावता आली, म्हणून हा तपशील दिला.

प्रशिक्षक नव्हताच. आम्ही सहा जण असताना जनावरे चार आली, आणि त्यांपैकी दोन खेचरे सामानाची होती. उरलेल्या दोन तट्टांवर पाळीपाळीने बसायचे, असे घोडेवाल्याला सांगण्यात आले होते. खोगिरे लाकडी, ओझ्याची; त्यांच्यावर घोंगड्या टाकून बसण्याची सोय केलेली, रिकिबी म्हणजे दोराला बांधलेल्या लोखंडी कड्या, त्याही दोन्ही बाजूंना असमान लांबीच्या. एका घोडीची घोंगडी सरकली तेव्हा मणक्याच्या बाजूला तळहाताएवढी पाठ सोलवटलेली दिसली. तिच्यावर हळद आणि तेल माखलेले होते. घोडेवाल्याने ती आपल्या भावकीतल्याकडून भाड्याने आणली होती, कारण चार जनावरांची बोली झाली होती आणि त्याची स्वतःची तीनच होती. त्या घोडीवर आमच्यापैकी कोणी बसले नाही. भारवाहू प्राण्यांसाठी १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. त्यांत तट्टावर ७० किलोंपेक्षा आणि खेचरावर २०० किलोंपेक्षा अधिक ओझे लादता येत नाही, आणि जनावराकडून विश्रांतीशिवाय सलग ५ तासांहून अधिक काम घेता येत नाही. सहा माणसांच्या बॅगा, तंबू, शिधा आणि वर आळीपाळीचे स्वार हा हिशेब चार जनावरांत बसवायचा म्हणजे हे नियम मोडणारच, आणि ते मोडल्याचा ठपका येईल तो घोडेवाल्यावर.

वाणहून वाट आधी थोडी चढून एक धार ओलांडते, खाली नीलगंगा नदीपर्यंत उतरते आणि मग खरसूच्या आणि बुरांसच्या दाट जंगलातून सरळ चढत जाते. गैरोली पाताल सुमारे १० हजार फुटांवर आहे. जागा सुंदर आहे, पण ती झाडीतली आहे. शिखरे दिसत नाहीत, ऊन लवकर जाते आणि ऑक्टोबरअखेरीस जमीन दिवसभर ओलीच राहते. आमच्या वाट्याला आलेले तंबू उन्हाळ्यात वापरण्याचे, एकपदरी होते आणि झोपण्याच्या पिशव्यांना कुबट वास येत होता. घोडेवाल्याने जनावरे एकमेकांजवळ बांधली, बिबट्याच्या भीतीने शेकोटी रात्रभर धुमसत ठेवली, आणि तोबऱ्यात मूठमूठच चणे घातले, कारण दाण्यासाठी म्हणून त्याला काहीच मिळाले नव्हते.

खरा उलगडा त्या शेकोटीपाशी झाला. जेवणानंतर घोडेवाल्याने संकोचत विचारले की पैसे आज देणार की परतल्यावर. आमच्या समजुतीप्रमाणे पैसे दिलेले होते. त्याने मोबाइल काढला आणि आयोजकाचा संदेश दाखवला: ‘गेस्ट लोग वहीं पेमेंट करेंगे, आप बस टाइम पे पहुँचना।’ त्याच दिवशी, तासाभराच्या अंतराने, आम्हाला त्याच क्रमांकावरून आलेला संदेश होता की घोड्यांसह सर्व काही समाविष्ट आहे, वाटेत कोणाला काही देऊ नये, मागितल्यास ती तेथील लोकांची लबाडी समजावी. दोन्ही मोबाइल शेजारी ठेवून आम्ही ते वाचले. घोडेवाल्याला त्याच्याकडून एकूण दोन हजार रुपये मिळाले होते, आणि ते भावकीतल्या घोडीच्या भाड्यातच गेले होते.

या फसवणुकीची सारी मदार पर्यटक आणि घोडेवाला यांच्या भांडणावर असते. डोंगरात, अंधारात, भाषा अर्धवट समजत असताना पर्यटक घोडेवाल्यावर संशय घेतो. घोडेवाला चिडून जनावरे घेऊन खाली जातो, किंवा पर्यटक निमूटपणे दुसऱ्यांदा पैसे मोजतो. आणि दोन्ही प्रसंगी आयोजक फोनवर हळहळ व्यक्त करतो, की काय करणार साहेब, तिकडचे लोक असेच आहेत. आम्ही घोडेवाल्याचे सर्व पैसे दिले, त्याने दिलेल्या हिशेबावर त्याची सही घेतली आणि त्याच्या संमतीने त्या संदेशांची छायाचित्रे काढली. एक जादा दिवस राहून दाणाही आमच्या खर्चाने दिला. बेदनी पाहून झाली, दिवसाउजेडी, पायी, आणि ती पाहण्यासारखीच आहे. परंतु तेवढ्यासाठी वाणपर्यंत स्वतः जाऊन तेथल्या तेथे वाटाड्या आणि दोन खेचरे घेतली असती तर आम्ही मोजलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी खर्च आला असता, हे घोडेवाल्याने आणि तेथल्या एका दुकानदाराने सांगितलेल्या दरांवरून दिसते.

परतल्यावर आयोजकाचा फोन लागत होता, हे विशेष. तो पळून गेला नाही. त्याने दिलगिरी व्यक्त केली, पुढच्या हंगामात सवलतीचे कूपन देऊ केले, आणि ते नाकारल्यावर अनामतीची रक्कम परत करण्याची तयारी दाखवली, मात्र आम्ही कुठेही प्रतिकूल अभिप्राय लिहिणार नाही असे आधी लेखी द्यावे, या अटीवर. अशी अट घालणाऱ्याला काहीही लिहून देऊ नये, कारण तोच कागद पुढे तडजोड झाल्याचा पुरावा म्हणून दाखवला जातो. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदली गेली, पण पोलीस ठाण्यात असे मत पडले की सेवा काही अंशी दिलेली असल्यामुळे हा व्यवहारातला वाद ठरू शकतो. बनावट परवाना दाखवल्यावर मात्र अर्ज लिहून घेण्यात आला. म्हणून ज्यांना असा परवाना पाठवला गेला असेल त्यांनी मूळ संदेश पुसू नये. नुसते स्क्रीनचे छायाचित्र पुरेसे नसते, तो संदेश त्या मोबाइलवर तसाच राहिलेला असावा लागतो.

ग्राहक आयोगाचा मार्ग त्या मानाने सरळ निघाला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे चमोलीला हेलपाटे घालण्याचा प्रश्न येत नाही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि ई-जागृती या संकेतस्थळावरून कागदपत्रे घरबसल्या दाखल करता येतात. व्यक्तीच्या क्रमांकावर पाठवलेल्या निम्म्या रकमेचा संबंध व्यवसायाशी जोडून दाखवणे हेच यात किचकट ठरले. त्या कामी, ‘उरलेले या नंबरवर टाका’ असे सांगणारा त्याचाच एक संदेश उपयोगी पडला.

आयोजकाने आयोगापुढे दिलेल्या लेखी उत्तरात म्हटले आहे की वन विभागाने ऐनवेळी मनाई केल्यामुळे बेदनीवरील मुक्काम रद्द करावा लागला आणि ही बाब त्याच्या नियंत्रणाबाहेरची होती. या उत्तरासोबत त्याने जोडलेल्या जुन्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकांत मुक्कामाचे ठिकाण दरवेळी गैरोली पाताल असेच छापलेले आहे, आणि आम्ही २०१८ च्या आदेशाची प्रत दाखल केली आहे. सुनावणी अद्याप व्हायची आहे. दरम्यान तेच उंच घोडे आणि तेच पांढरे गोल तंबू असलेली नवी जाहिरात वेगळ्या नावाने आली असून तीत उत्तरकाशी जिल्ह्यातील दयारा बुग्यालवर कुरणातच दोन रात्रींचा मुक्काम देऊ केला आहे. तो आदेश दयारालाही लागू आहे.