फूड ग्रेड सांगून साधं रबर गळ्यात मारलं

इंदूरला सुदामानगरात आमचं लोणच्याचं छोटं युनिट आहे. बरण्या भरायच्या मशीनसाठी एप्रिलमध्ये सियागंजातल्या एका दुकानातून 14 मीटर नळी (620 रुपये मीटर) आणि 36 काळी गॅस्केटं (145 चं एक) घेतली. 'सिलिकॉन, फूड ग्रेड' म्हणून. 13,900 रुपये यूपीआयने दिले. पक्कं बिल "कल भेज दूंगा भाभीजी". तो कल अजून उजाडलेला नाही. बिल हातात पडल्याशिवाय पैसे सोडू नका.

खोका उघडला आणि सायकलच्या ट्यूबचा वास आला. तिथेच हात आखडायला हवा होता! सिलिकॉनला वास जवळजवळ नसतोच, हे मला ठाऊक होतं. पण कैरीचा हंगाम, ऑर्डरी अंगावर, आणि त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर 'एफडीए अप्रूव्ड' शिक्क्याचा रिपोर्ट पाठवलेला. छापील कागदावर कोण संशय घेतं?

आता कळतंय. अमेरिकेची एफडीए (तिथलं अन्न-औषध खातं) असा शिक्का गॅस्केटवर मारतच नाही. तिचा 21 सीएफआर 177.2600 (हा तिथल्या सरकारी नियमसंग्रहातला क्रमांक) हा नियम आहे. तेलकट पदार्थांसाठीचं रबर हेक्झेन या तेल विरघळवणाऱ्या द्रावकात उकळायचं; पहिल्या 7 तासांत दर चौरस इंचाला 175 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अंश उतरता कामा नये, पुढच्या 2 तासांत 4. माझ्या रिपोर्टात फक्त पाण्याची चाचणी होती. लोणचं तेलात असतं! बॅच नंबरही नव्हता. दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर होत्या, मी वाचल्याच नाहीत.

नवव्या दिवशी गॅस्केटं फुगली, तेलावर काळी रेघ आली. 86 किलो लोणचं, 240 च्या भावाने 20,640 रुपये, स्वतःच्या हाताने फेकलं. गिऱ्हाइकाच्या पोटात ते जाऊ देणं मला जमलं नसतं.

पोलीस ठाण्यात म्हणाले, "दीवानी मामला है." तीन खेपा घातल्या, साधा अर्जसुद्धा घेतला नाही. अन्न खात्यातल्या साहेबांनी उलट माझंच लायसन्स मागितलं. दुकानदाराचं नाव लिहूनही घेतलं नाही. ग्राहकांच्या कार्यालयात ऐकवलं की धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक नाही. पोटापाण्यासाठी स्वतः राबणारा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच आहे, हे मी त्यांना सांगायचं? मग ते पगार कशाचा घेतात?

तुकडा कापून उघड्यावर जाळून बघा. सिलिकॉनची राख पांढरी पडते. काळा धूर, काजळी दिसली तर माल तसाच परत न्या. मी हे नुकसान झाल्यावर केलं.

36 गॅस्केटं बरणीत जपून ठेवली आहेत, रिपोर्ट आणि पेमेंटचा स्क्रीनशॉटही. असाच बिनबॅचचा रिपोर्ट आणखी कुणाला मिळाला असेल तर कळवा, अर्ज सोबत देऊ.