सबमीटर आल्यावर बिल्डिंगमध्ये काय बदललं – काही महिन्यांचा अनुभव

आमची अख्खी बिल्डिंग एकाच मालकाची, ४० फ्लॅट, सगळे भाडेकरू. आधी एकच मेन मीटर होतं आणि लाइट भाड्यातच धरलेली, आता प्रत्येक फ्लॅटला सबमीटर बसवलाय, ज्याचं बिल त्याने भरायचं. बरेच महिने झाले वापरून म्हणून लिहितोय.

वापर कमी झाला का तर हो, झाला. लाइट भाड्यात असताना रिकाम्या खोलीत एसी चालू राहिला तरी कुणाचं काय जात होतं? आता जातं, म्हणून बंद होतो. आणि सबमीटरचं ॲप चांगलंय, तासातासाचा वापर दिसतो, त्यात मी सगळ्यात जास्त बघतो तो रात्री सगळे झोपल्यावरचा आकडा, कारण तेव्हा फ्रिज सोडून बाकी जे चालू असतं ते बहुतेक फुकटच. १० वॅटचा सेट टॉप बॉक्स कायम स्टँडबायवर ठेवला की महिन्याला ७ युनिट, वर्षाला ८७च्या वर. २००० वॅटचा गिझर अर्ध्या तासात १ युनिट खातो. त्यापुढे मोबाईल चार्जरची पिन काढायची धडपड म्हणजे उगाच टाइमपास.

पण मालकाचं बदललेलं वागणं, त्याबद्दल कोणी बोलत नाही. बिल तो भरत होता तेव्हा स्वतःहून सगळीकडे एलईडी लावले होते, जिन्यात सेन्सर बसवले होते. आता फ्रिज त्याचा, एसी त्याचा, बिल आमचं. माझ्या फ्रिजच्या दाराचं रबर गेलंय, गारवा बाहेर, कॉम्प्रेसर सारखा चालू, आणि बदलायला सांगितलं की "चालतोय ना अजून". मी नवा का घेऊ, उद्या फ्लॅट सोडला तर? म्हणजे उगाच चालू राहणारी यंत्रं आम्ही बंद करतोय आणि जुनी, वीज खाणारी कोणीच बदलत नाहीये.

कॉमनचं तर विचारूच नका. मेन मीटरच्या रीडिंगमधून सगळ्या सबमीटरची बेरीज वजा केली की जे उरतं ते कॉमन, त्यात लिफ्ट, पाण्याचा पंप, जिना, शिवाय वायरिंगमधला लॉस आणि मीटरचा थोडाफार फरक, सगळं एकत्र, आणि भागिले ४०. जिन्याचा सेन्सर बिघडला, दिवे दिवसभर चालू, मालकाला खर्च नाही आणि माझ्या वाट्याला ४०वा हिस्सा, तेवढ्यासाठी कोण मागे लागणार. पार्किंगच्या कॉमन प्लगवर स्कूटर चार्ज करणारे पण आहेतच (नावं घेत नाही, ते पण हे वाचत असतील). माझ्या मते पंप आणि लिफ्टला वेगळा मीटर हवाच, नाहीतर कुठे गळतंय ते कळायचं नाही.

जर्मनीत सेंट्रल हीटिंगच्या खर्चासाठी १९८१ पासून नियम आहे, ५० ते ७० टक्के खर्च वापराप्रमाणे आणि उरलेला साधारण फ्लॅटच्या आकाराप्रमाणे वाटायचा. मला ते पटतं, कारण उष्णता भिंतीतून शेजाऱ्याकडे जाते, पूर्ण मीटरवर टाकलं तर मधल्या मजल्यावरचा आयता शेजाऱ्यांच्या गरमीवर बसणार आणि कोपऱ्यातला मरणार. विजेला ही भानगड नाही.

सबमीटरवाल्या बिल्डिंगमध्ये राहायला जात असाल तर करार करायच्या आधी फ्रिज-एसी किती जुने ते बघा, कॉमन कसं वाटतात ते लेखी घ्या, आणि फ्लॅटचा मेन स्विच पाडून मीटरचा दिवा थोडा वेळ बघा. तरीही लुकलुकत राहिला तर तुमच्या मीटरवर दुसऱ्याचं काहीतरी जोडलेलं असू शकतं.